कडेचे आकडे

१२ जानेवारी, रविवार

बाबांशी भांडले. सकाळी सकाळी, चहासुद्धा झाला नव्हता.

निमित्त एका डब्याचं. बाबांच्या फोटो स्टुडिओची जागा फेब्रुवारीअखेर मालकाला परत द्यायची आहे. धंदा बंद होऊन अकरा वर्षं झाली, तरी बाबा रोज जाऊन कुलूप उघडतात, तासभर बसतात, पुन्हा लावून येतात. आता तेही संपणार. म्हणून आज माझ्या सुट्टीच्या दिवशी आवराआवर काढली. पुढच्या खोलीतल्या कपाटात सगळ्यात वर, जुन्या पडद्यांच्या गुंडाळीमागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत एकच रोल — न धुतलेला. चिकटपट्टीवर बाबांचं अक्षर: ‘घरचे. ३६.’ आणि तारीख. आई गेली त्याच्या आधीच्या आठवड्यातली.

मी स्टुलावरच बसले.

हा रोल मला पाठ आहे. मी तेरा वर्षांची. आई दोन महिने अंथरुणात. त्या दिवशी एकदम म्हणाली, आज बरं वाटतंय, फोटो काढू या. तिने ठेवणीतले निळे कपडे घातले. माझी वेणी घातली — हात मध्येच थांबायचे, पण घातली. मग खिडकीपाशी मला कुशीत घेऊन बसली आणि बाबा काढत राहिले. छत्तीसच्या छत्तीस! उभा जन्म दुसऱ्यांचे फोटो काढणारा माणूस, पण आईबरोबरचा माझा घरात एकच फोटो आहे. त्यात मी पाच वर्षांची आणि आई हललेली. नाक आहे, डोळे नाहीत.

आई गेल्यावर विचारलं, तर "धुऊ नंतर." पंधराव्या वर्षी विचारलं. विसाव्या वर्षी भांडून विचारलं. मग सोडून दिलं. वाटलं, हरवला असेल आणि सांगायला जीभ रेटत नसेल.

आज म्हटलं, मी हा लॅबला पाठवते, अजून धुणारे आहेत. तर माझ्या हातातून डबा काढूनच घेतला. "बाहेर द्यायचा नाही." का? "नाही म्हटलं ना एकदा." एकतीस वर्षं त्याच शब्दावर अडून! मग माझंही तोंड सुटलं. आई काय तुमच्या एकट्याची होती, असं म्हणाले. म्हणायला नको होतं.

बाबा डबा काखेत घेऊन घरी आले. जेवले नाहीत.

१३ जानेवारी

सकाळी बाबा स्वतःहून बोलले. पेपरातून डोकं वर न काढता.

"एवढंच असेल तर शीक. शिकून तूच धू. डार्करूम आहे तोवर."

मला खरंच वाटेना. म्हटलं, शिकवाल?

"शिकवीन. पण मी सांगेन तेव्हाच त्या रोलला हात लावायचा. आधी नाही."

कबूल केलं. दीड महिना आहे. दर रविवार, आणि मधल्या दिवशी मी काम करते ते औषधाचं दुकान दुपारी बंद असतं ते तीन तास.

दादाला फोन केला. तो म्हणाला, एकतीस वर्षांचा रोल, काय डोंबल येणार त्यात, उगाच जीव लावून बसू नकोस. त्याला बोलायला काय जातंय! त्याच्या लहानपणी बाबांना हौस होती. पाळण्यातला, रांगतानाचा, आईच्या कडेवरचा — अल्बम भरलाय. मी येईपर्यंत गिऱ्हाईक वाढलं होतं.

१९ जानेवारी, रविवार

चव्वेचाळीसाव्या वर्षी डार्करूममध्ये रीतसर प्रवेश!

लहानपणी दारावर थाप मारली की आतून ठरलेलं उत्तर यायचं: "येऊ नको, उजेड येईल." दादाला आत घ्यायचे. मला वाटायचं, उजेड म्हणजे माझ्याच अंगाला काहीतरी लागलेलं असतं. मी बाहेर बाकावर बसून दाराखालची लाल फट बघत राहायची.

आत काहीच बदललेलं नाही. तीन ट्रे, त्यांचे तीन चिमटे, भिंतीवर टांगलेलं घड्याळ, कोपऱ्यात फोटो मोठे करायचा एन्लार्जर आपल्या जागी मान खाली घालून उभा. आणि तो वास! हायपोचा, फिल्म धुवायच्या औषधाचा, आंबट, घशाशी येणारा. बाबा घरी आले की त्यांच्या शर्टाला यायचा. मी दारातच उभी राहिले. बाबा म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, सर्दी.

आज एकच धडा: रीळ भरणं. पूर्ण अंधारात फिल्म डबीतून काढायची, तिचं टोक प्लॅस्टिकच्या चक्राच्या खाचेत घालायचं आणि फिरवत फिरवत सगळी आत घ्यायची. लाल दिवासुद्धा चालत नाही. बाबांनी एक वाया गेलेली फिल्म दिली आणि आधी टेबलावर डोळे मिटून करायला लावलं. पाचदा जमलं. मग दिवा घालवला, आणि माझी दहाही बोटं परक्याची झाली. फिल्म अडकते, दुमडते, हातातून सुटून पायावर पडते. मी शिव्या घातल्या. अंधारातून बाबा म्हणाले, "तुझी आई यापेक्षा चांगल्या द्यायची."

आई शिव्या द्यायची! हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

२२ जानेवारी

रीळ भरणं जमलं. लागोपाठ तीनदा. नख तुटलं.

२६ जानेवारी, रविवार

आजची फजिती लिहायची लाज वाटते, म्हणूनच लिहून ठेवते.

आठवडाभर बाबांचा कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडत होते. दुकानाचा काउंटर, गल्लीतली मांजरं, चहा पिणारे बाबा — असा माझा पहिलावहिला रोल. अंधारात भरला, टाकीत घातला, झाकण लावलं. पुढचं उजेडात चालतं. बाबा हाताची घडी घालून उभे राहिले. "आता तूच. आधी डेव्हलपर, मग पाणी, मग हायपो." मी ओतलं, मिनिटामिनिटाला टाकी उलटीपालटी केली, बुडबुडे जायला टेबलावर आपटली, सगळं सांगितल्याबरहुकूम. उघडून बघते तर फिल्म कोरी! नुसती पारदर्शक पट्टी, एक चित्र नाही.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हटलं, कॅमेरा बिघडलाय तुमचा.

बाबांनी फिल्म खिडकीकडे धरली. चित्रं असायची त्या जागेकडे त्यांनी बघितलंच नाही. कडा बघितल्या.

"आकडे कुठायत?"

कसले आकडे?

"आधी हायपो ओतलास तू."

दोन सारख्या तपकिरी बाटल्या शेजारी शेजारी, आणि एकीवरही लेबल नाही. आणि ही बाई दिवसभर औषधाच्या दुकानात लोकांना दरडावते — बाटलीवरचं वाचून घेत जा!

मला वाटलं, आता ऐकवतील. पण खुर्ची ओढून बसले आणि शांतपणे सांगितलं. डेव्हलपर चित्र उमटवतो; हायपोचं काम त्यानंतर फिल्मवर उरलेलं चांदीचं मीठ धुऊन काढायचं. तो आधी पडला तर चित्र उमटायच्या आतच सगळं धुऊन जातं, फिल्म कोरी. पण फिल्म कोरी निघायला दुसरंही कारण असतं. कधी कधी तिच्यावर फोटो काढलेलेच नसतात. दोन्ही कशी ओळखायची? कडेवरून. कारखान्यातच कडेला उजेडाने आकडे छापलेले असतात, एक ते छत्तीस. फिल्म नीट धुतली की ते उमटतातच, फोटो काढलेले असोत नसोत.

"कोरी फिल्म हातात आली की रडायचं नाही. कडा वाचायच्या. आकडे आहेत आणि चित्र नाही?"

काढणाऱ्याची चूक.

"आकडेही नाहीत?"

धुणाऱ्याची.

हे माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, पाढे घोकून घेतात तसं. घरी जाताना रस्त्यात पुन्हा विचारलं. मी म्हटलं, बाबा, कानाला खडा. आता जन्मात विसरणार नाही.

बाटल्यांना लेबलं लावली. मोठ्या अक्षरात.

२ फेब्रुवारी, रविवार

आल्या!! चौतीस निगेटिव्ह आल्या. दोन माझ्याच बोटाच्या.

ओली फिल्म दोरीला टांगून खाली जड चिमटा लावला आणि मी तिच्यासमोर उभी राहिले, बाळंतिणीला बघायला आल्यासारखी. उलटसुलट सगळं — बाबांचे केस काळे, चहा पांढरा. बाबा म्हणाले, "यात मी तरुण दिसतो, हेच ठेव."

मग त्यांनी सांगितलं की लग्नानंतर पहिली दोन वर्षं ते आणि आई याच खोलीत काम करायचे. ते धुवायचे, ती दोरीवरून फिल्म उतरवून कापायची, पाकिटात घालायची. जागा एवढीशी, दोघांना एका वेळी वळता येत नसे. "मग?" म्हटलं. "मग काय, ठरवून वळायचो." असं म्हणून हसले आणि ट्रे विसळायला लागले. किती वर्षांनी त्यांनी आईबद्दल आपणहून काही सांगितलं! मी मध्ये अवाक्षर काढलं नाही, थांबतील म्हणून.

५ फेब्रुवारी

त्या रोलचं विचारलं. "अजून हात बसला नाही."

९ फेब्रुवारी, रविवार

आज प्रिंट.

हे वेगळंच प्रकरण आहे. इथे लाल दिवा चालतो, एकमेकांची तोंडं दिसतात. एन्लार्जरमध्ये निगेटिव्ह, खाली कागद, बाबा सेकंद मोजतात — घड्याळावर नाही, तोंडाने, "एक आणि, दोन आणि". कागद डेव्हलपरमध्ये सरकवला. काहीच नाही. काहीच नाही. मी त्यांच्याकडे बघितलं तर म्हणाले, "माझ्याकडे काय बघतेस? तिकडे बघ." आणि पांढऱ्या कागदावर आधी भुवया आल्या. मग मिशी. मग आख्खा माणूस! आमच्या गल्लीतला न्हावी, तिशीतला, टाय लावलेला. गेली वीस वर्षं त्याला टकलाच बघत आलेय.

बाबांनी सरावाला जुन्या निगेटिव्हचे खोके उघडून दिलेत. मोठ्या आकाराच्या फिल्म, एकेक माणूस एकेक पाकिटात. मी दुपारभर प्रिंट काढत बसले. पहिला काळा ढुस्स झाला, दुसरा फिका. कोपरा जास्त काळा होऊ नये म्हणून उजेडाच्या मध्ये हात धरून तो हलवत राहायचा असतो. मी हात धरला आणि हलवायचाच विसरले, एका बिचाऱ्या पोलिसाच्या खांद्यावर माझा पंजा उमटला.

मग एका बाईची निगेटिव्ह हातात आली. तिच्यावर भिंग धरलं तर गालावर बारीक बारीक शिसपेन्सिलीच्या रेघा. शेकडो, केसापेक्षा बारीक, सगळ्या एकाच दिशेला झुकलेल्या. बाबांना दाखवली. त्यांनी भिंगातून बघितलं आणि बराच वेळ भिंग डोळ्यावरून काढलंच नाही.

"हा तिचा हात."

आई रिटचिंग करायची हे माहीत होतं. खिडकीपाशी तिरकी काच लावून, पेन्सिलीला सुईसारखं टोक काढून ती लोकांच्या चेहऱ्यावरचे व्रण, देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायची. मी शेजारी अभ्यासाला बसायची. तिच्या मधल्या बोटाला कायम शिशाचा करडा डाग. मला हाक मारायची तीसुद्धा मान वर न करता. पण त्या रेघा अजून इथे असतील, खोक्यात, पाकिटात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी बोट लावलं नाही. पुसतील म्हणून.

घरी आल्यावर खूप रडले. बरंही वाटलं.

११ फेब्रुवारी

आज दुकानात एका बाईच्या गालाकडे बघत राहिले. ती म्हणाली, काय लागलंय का? मी गोळ्या दिल्या आणि आत पळाले.

१६ फेब्रुवारी, रविवार

सात प्रिंट चांगले आले. बाबांनी एकात चूक काढायचा प्रयत्न केला, सापडली नाही, तरी "ठीक" म्हणाले. त्यांच्या तोंडून ठीक म्हणजे पेढे वाटायला हरकत नाही.

आता मी हट्टाला पेटले. आणखी चार रोल धुऊन झालेत, एकही बिघडला नाही. मग आईचा कधी? बाबांनी एन्लार्जरवर फडकं टाकलं, काढलं, पुन्हा टाकलं. "जुन्या फिल्मला सवय वेगळी लागते." म्हटलं, मग शिकवा ती सवय. "बघू." बारा दिवस राहिलेत, बाबा! "माहीत आहे मला."

मला कळतं हो. ते घाबरलेत. एकदा धुतला की मग काय ते कायमचं ठरलं. न धुतलेल्या रोलमध्ये आई अजून खिडकीत बसलेली आहे. मलाही भीती वाटतेच. रोज रात्री टाकीचं झाकण उघडल्याची स्वप्नं पडतात. पण मला तिचा चेहरा हवाय. मला तो आता आठवत नाही, ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. निळे कपडे आठवतात, वेणीतली बोटं आठवतात, वर बघते तर काही नाही.

१९ फेब्रुवारी

मालक येऊन मोजपट्टी लावून गेला. डार्करूममध्ये नाक मुरडून म्हणाला, "इथे भिंत पाडून संडास काढीन." बाबा काही बोलले नाहीत. मी बोलले.

२१ फेब्रुवारी

बाबांनी आपणहून डबा आणून टेबलावर ठेवला. म्हणाले, "रविवारी धू."

मी इतकी हरखले की त्यांना मिठीच मारली. ते तसेच ताठ उभे. मग म्हणाले, "धाकटे, त्या रोलचं असं आहे —" आणि थांबले. काय, बाबा? "काही नाही. डेव्हलपरला एक मिनिट जास्त दे. जुनी आहे."

२३ फेब्रुवारी, रविवार

कोरी.

२४ फेब्रुवारी

काल दुसरा शब्द लिहवेना. आज दुकानातून अर्धी रजा घेतली. क्रमाने लिहिते.

बाबा डार्करूममध्ये आलेच नाहीत. पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून. "तू कर. मी इथे आहे." मी आत गेले, कडी लावली. अंधारात डबी उघडली. ती फिल्म! एकतीस वर्षं गुंडाळून पडलेली, इतकी हट्टी की सोडली की गपकन पुन्हा वळून बसायची. दोनदा खाचेतून उसळली. मी शिवी दिली नाही. आईला म्हटलं, थांब गं जरा. तिसऱ्यांदा बसली.

दिवा लावला. बाटल्यांवरची लेबलं मोठ्याने वाचली. डेव्हलपर, एक मिनिट जास्त. पाणी. हायपो. माझ्या हातून काहीही चुकलेलं नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

झाकण उघडलं. टोकाची वीतभर फिल्म काळी, कॅमेऱ्यात भरताना उजेड लागतो तेवढी. पुढे सगळी रिकामी. जुनेपणाने थोडी करडी आलेली, पण रिकामी.

रडले नाही. बाबांनी शिकवल्याप्रमाणे कडा वाचल्या. एक, दोन, तीन. पुसट, पण स्वच्छ. छत्तीसपर्यंत सगळे आकडे जागच्या जागी.

म्हणजे धुणाऱ्याची चूक नाही.

काढणाऱ्याची.

फिल्मचं टोक कॅमेऱ्यातल्या खाचेत नीट धरलं गेलं नव्हतं. मग बाहेर कितीही खटके दाबा, आत फिल्म जागची हलत नाही. माझंही महिन्यापूर्वी असं होता होता राहिलं. नवशिक्याची चूक, अगदी पहिल्या दिवसाची. आणि ती बाबांच्या हातून झाली, ज्यांनी झोपेतसुद्धा कॅमेरा भरला असता. त्या एकाच दिवशी. मी कुशीत बसून छत्तीस खटके ऐकले होते. एकाही खटक्यात आम्ही दोघी नव्हतो.

माझी आई गेली ती गेलीच. काल पुन्हा एकदा गेली. पण दाराबाहेर ते काठी धरून बसलेले, आणि हे त्यांना माहीत नाही! एकतीस वर्षं डबा जपला त्यांनी. ही पट्टी हातात दिली की ते पहिल्यांदा कडाच बघणार. आणि त्यांना काढणाऱ्याचं नाव कळणार. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना हे मी कळू देऊ?

बाहेर जाऊन म्हटलं, "अजून ओली आहे. वाळू दे, उद्या-परवा बघू." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग काठी टेकत उठले.

२५ फेब्रुवारी

ठरलं. दोष मी घेणार.

दुपारी स्टुडिओत एकटी गेले. सरावाचा एक नवा रोल शिल्लक होता. अंधारात भरला आणि मग हायपोची बाटली उचलली, लेबल वाचलं आणि मुद्दाम तीच आधी ओतली. महिनाभर जी चूक होऊ नये म्हणून जीव मुठीत धरून वागले, ती मन लावून केली. निघाली तशीच — काचेसारखी. ना चित्र, ना आकडे. धुणाऱ्याची.

खरी पट्टी कापून पाकिटात घातली आणि या वहीच्या मागे ठेवली.

२६ फेब्रुवारी

दाखवली. पुढच्या खोलीत, दिव्याच्या काचेवर ठेवून. म्हटलं, "बाबा, माझ्याकडून घोटाळा झाला. घाईत आधी हायपो पडला. सगळं गेलं." बोलताना रडू आलं ते मात्र खरं होतं, आणायला लागलं नाही.

त्यांनी पट्टी उचलून टोकाने धरली, लोंबू दिली. मग भिंग लावून कडा बघितल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"आकडे नाहीत," म्हणाले.

नाहीत.

"म्हणजे धुणाऱ्याची चूक."

हो, बाबा.

मला वाटलं, आता कोसळतील. नाहीतर ओरडतील. मी दोन्हीची तयारी केली होती. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. "होतं असं. लेबल वाचत जा."

बस्स, एवढंच! घरी येऊन बाबांनी दोनदा भात मागून घेतला. मी ताटासमोर तशीच. एवढा मोठा घाव माणसाने इतका सोसावा? मला हायसं वाटायला हवं होतं, पण राग आला. थोडासा. मग त्या रागाची लाज वाटली.

दादाला फोनवर तेच सांगितलं, हायपोचं. तो म्हणाला, तुझ्यासारखी काटेकोर बाई आणि अशी चूक? मी म्हटलं, होतं असं.

२८ फेब्रुवारी

किल्ल्या दिल्या. एन्लार्जर घरी आणला, जेवणाच्या टेबलावर बसलाय. निगेटिव्हचे खोके माझ्या पलंगाखाली. बाबांनी शेवटी डार्करूमचा लाल दिवा काढून शर्टाच्या खिशात घातला, मालकाच्या देखत. तो म्हणाला, राहू द्या की. बाबा म्हणाले, "हा भाड्यात नव्हता."

२ मार्च, रविवार

सकाळी चहाच्या वेळी बाबा म्हणाले, "एकतीस वर्षं गुंडाळलेली फिल्म अशी सरळ लोंबत नाही, धाकटे. तू मला दाखवलीस ती नवी होती."

मी कप खाली ठेवला.

त्यांना फोटो काढले त्याच दिवशी कळलं होतं. रोल उलटा गुंडाळायला घेतला आणि दीड वेढ्यात दांडा सैल फिरला, म्हणजे फिल्म आत पुढे सरकलीच नव्हती, तेव्हा. आत गेले, तर आई दमून झोपलेली. तिने डोळे न उघडता विचारलं, नीट आले ना? म्हणाले, छत्तीसच्या छत्तीस. नंतर ती उठून बसलीच नाही.

मी विचारलं, मग दीड महिना मला शिकवलंत कशाला?

"मला तोंडाने सांगता येईना. म्हटलं, तुला फिल्म वाचता आली की तुझी तूच वाचशील. आणि मग येऊन मला विचारशील."

वाचली होती, बाबा. विचारलं नाही.